सहा नावं, एक महिरप

प्रबंधाची जिल्द बांधून झाली की शेवटी त्याच्या तीन बाजूंच्या कडा कापाव्या लागतात. कापलेल्या कागदाच्या बारीक पट्ट्या यंत्राखाली पडतात. रोजच्या मूठभर. आपण म्हणतो, उद्या झाडू. आणि एक दिवस खाली पाहावं तर गुडघ्याएवढा ढीग! किश्श्यांचं तसंच आहे. माणूस आपलं पुस्तक काखेत मारून निघून जातो, त्याच्या कडा आपल्याकडे राहतात.

आमचं दुकान यवतमाळला, ट्रेनिंग कॉलेजच्या समोर. पुढे पाट्या, वह्या, दौती, शाई. मागच्या खोलीत बाइंडिंग. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण बाइंडरला पानांचे नंबर तपासावे लागतात, आणि नंबर तपासता तपासता नजर खाली मजकुरावर घसरते. अशा घसरण्यावरच माझं पुढचं शिक्षण झालं. एम.एड.चे सगळे विषय मी बांधता बांधता शिकलो.

चार वाजता कॉलेज सुटलं की एम.एड.चे विद्यार्थी आमच्या बाकावर येऊन बसत. विद्यार्थी म्हणजे कोण? दहा-दहा वर्षं मास्तरकी केलेली, पोराबाळांची माणसं. महाराष्ट्र झाला, त्यानंतरच्या चार-सहा वर्षांतली ही गोष्ट. मला सगळे काकाजी म्हणत. कागदाचा रीम घेतला की मी वर एक खोडरबर फुकट देत असे. कारण माझा अनुभव असा, की माणूस जितका जास्त शिकतो तितकं त्याला जास्त खोडावं लागतं.

*

राऊत गुरुजी म्हणून एक होते. उंचपुरे, कोट घालणारे, तोंडात कायम पान. हस्ताक्षर सुधारण्याच्या उपायांवर त्यांचा प्रबंध. स्वतःचं अक्षर असं, की टायपिंगवाल्यानं दोनदा मजकूर परत केला होता. पण तो किस्सा नाही.

प्रबंध बांधायला आला. मी नंबर लावत बसलो. मध्येच एका पानावर थांबलो. गुरुजी बाकावर चहा पीत होते. मी पान हातात घेऊन बाहेर आलो आणि हळूच म्हणालो,

"गुरुजी, हे पान मी दोन वर्षांमागं एकदा बांधलं आहे."

कप बशीत वाजला. गुरुजींनी पान घेतलं, घडी केली, कोटाच्या खिशात घातलं आणि निघून गेले. चार दिवसांनी नवं पान घेऊन आले. स्वतः लिहिलेलं. सांगायला हरकत नाही, पहिल्यापेक्षा बरं होतं.

तेव्हापासून आमची दोस्ती झाली. पुढे कुणीही प्रबंध आणला की गुरुजी बाकावरून विचारत, "काकाजी, नीट पाहा बरं. अगोदर बांधलेलं तं नाही?"

*

विमलबाई खोब्रागडे पहिल्यांदा दुकानात आल्या त्या वर्षी जूनमध्ये. मारेगावकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होत्या. वडील जिनिंगमध्ये रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसवर कामाला. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली, त्याच वर्षी पोरगी मॅट्रिक झाली. बाप दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगे. मास्तरकी करत करत बाईंनी बी.ए., बी.टी. केलं होतं. आता एक वर्षाची बिनपगारी रजा घेऊन एम.एड.ला आल्या होत्या. पास झाल्या तर ट्रेनिंग कॉलेजात शिकवायची जागा मिळणार होती. नाही झाल्या तर परत तीच शाळा, आणि दुसऱ्यांदा रजा मिळणं नाही. सगळा खेळ त्या एका वर्षाचा.

आणि एवढ्या खेळात बाईंनी विषय काय घ्यावा? खेड्यापाड्यांतल्या प्रज्ञावान मुलांचा शोध. प्रज्ञावान म्हणजे गिफ्टेड. नुसती हुशार नव्हे, त्याच्याही वरची. पंचवीस मुलं शोधायची, प्रत्येकाचा बुद्ध्यंक कसोटीनं मोजायचा, एकशेवीसच्या वर असला तर यादीत घ्यायचं. पंचविसातलं एकही कमी पडलं तर प्रबंध पडला.

त्यांचे गाइड पाठक सर. सज्जन माणूस, पण भित्रा. ते म्हणाले, कशाला उन्हातान्हात फिरता, इथल्या हायस्कुलातली पंचवीस मुलं घ्या, आठ दिवसांत काम होतं. बाई म्हणाल्या, विषयात खेडी आहेत. सर म्हणाले, विषय बदलू.

बाईंनी विषय बदलला नाही. संध्याकाळी बाकावर बसून कागद मोजून घेत होत्या. मी विचारलं, "बाई, सर बरोबर सांगून राह्यले. काहून जीव काढता?"

बाई कागद मोजता मोजताच म्हणाल्या, "काकाजी, मले कोणी शोधाले आलं नव्हतं. मी आपली आपणच सापडली."

मी रीमबरोबरचा खोडरबर दिला. कधी नाही तो दुसराही द्यावासा वाटला.

*

आधी बाईंनी गावोगावच्या हेडमास्तरांना फॉर्म पाठवले. 'आपल्या शाळेतील असामान्य बुद्धीच्या मुलांची नावे लिहा.' छापले आमच्याच ओळखीनं, म्हणून उत्तरंही आमच्याच पत्त्यावर येत. पोस्टमन आला की बाकावर सभा भरे.

एका हेडमास्तरांनी पाच नावं पाठवली. पहिलं सरपंचाच्या मुलाचं, दुसरं पोलीस पाटलाच्या पुतण्याचं, तिसरं दुकानदाराच्या मुलाचं. उरलेली दोन त्यांच्या स्वतःच्या पोरांची.

दुसऱ्यांनी लिहिलं, 'आमच्या शाळेतील सर्व मुले असामान्य आहेत. मागील तपासणीत साहेबांनी तसा शेरा दिला आहे. नक्कल सोबत जोडली आहे.' आणि खरंच जोडली होती.

तिसऱ्यांनी विचारलं, असामान्य ठरल्यास फी माफ होते की वाढते?

पण माझ्या मनात बसलं ते महागावकडून आलेलं एक कार्ड. गुरुजी प्रामाणिक असावेत. नुसत्या दोन ओळी:

'आमचे येथे असे मूल सध्या नाही. गेल्या वर्षी एक होते, परंतु वडिलांची बदली झाली.'

राऊत गुरुजी पानाची पिंक टाकून म्हणाले, "चला, जिल्ह्यात एक होतं हे तं ठरलं!"

बाईंनी फॉर्म गोळा करून बांधून ठेवले. म्हणाल्या, आता पायानं जाईन.

*

कसोटी म्हणजे एक लाकडी पेटी. त्यात ठोकळे, चित्रं आणि प्रश्नांची वही. शहरात बसून कुण्या विद्वानानं केलेली. बाईंना हात बसवायचा होता, म्हणून पहिला प्रयोग कुणावर? माझ्यावर.

चित्रात काय कमी आहे ते सांगा. एका माणसाच्या एकाच पायात जोडा. मी म्हणालो, गिऱ्हाईक माप द्यायला आलं आहे. बाईंनी काहीतरी लिहिलं. मग विचारलं,

"घरी पाहुणे आले आणि साखर संपली आहे, तर काय कराल?"

मी विचार केला आणि म्हणालो, "उद्या या म्हणीन."

आतून आमच्या मंडळींचा आवाज आला, "म्हणतातच."

शेवटी मी विचारलं, आपला बुद्ध्यंक किती भरला? बाईंनी पेटी बंद केली. तोंड गंभीर. "काकाजी, ही कसोटी सोळा वर्षांच्या आतल्यांसाठी आहे. तुमचं वय बसत नाही."

आजतागायत मला तो आकडा कळलेला नाही. राऊत गुरुजींना सांगितला असावा, कारण ते बरेच दिवस माझ्याकडे पाहून हसत होते.

*

कसोटीला स्टॉपवॉच लागतं. कॉलेजात एक होतं, कपाटात, कुलपात. बाईंनी अर्ज केला. कारकुनानं मंजूर केला, अट एकच: घड्याळ दोन तासांच्या आत परत पाहिजे. महागावच्या बसला नुसतं जायलाच त्याहून जास्त वेळ लागे. मग माझ्या वडिलांचं खिशातलं चांदीचं घड्याळ मी बाईंना दिलं. सेकंदाचा काटा होता त्याला, थोडा लंगडत चाले.

बाई एका तांड्यावर गेल्या. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत, आता स्थिरावून शेती करतात. नायकानं बाईंना बाजेवर बसवलं, घड्याळ कानाला लावून ऐकलं, मग तांड्यातल्या एकूण एक पोरानं ते कानाला लावून ऐकलं. त्यातच सकाळ गेली.

मग एक नऊ-दहा वर्षांची पोरगी समोर बसली. बाईंनी ठोकळे मांडले, चित्र दाखवलं, म्हणाल्या, असं जुळव, आणि जितक्या लवकर होईल तितक्या लवकर. हातात घड्याळ.

पोरगी एकेक ठोकळा उचलून वास घेऊन पाहत होती. काटा पळत होता. बाई न राहवून म्हणाल्या, "लवकर कर न माय."

पोरीनं वर पाहिलं. "गडबड कायले करतं बाई? तुयी बस तं सांजेले हाये."

आणि शांतपणे सगळे ठोकळे बरोबर जुळवले. वेळ संपून गेल्यावर. गुण शून्य.

साखरेच्या प्रश्नाचं पुस्तकातलं उत्तर होतं, 'शेजारून मागून आणीन.' पोरीनं उत्तर दिलं, "गूळ टाकीन." पुस्तकात गूळ नव्हता. गुण शून्य.

पण तिचा भाऊ आणि आणखी दोघं त्या कसोटीतूनही एकशेवीसच्या पार गेले. बाई परत आल्या तेव्हा तोंड काळवंडलं होतं, चपलेचा अंगठा तुटला होता, पण तीन नावं घेऊन आल्या. घड्याळ परत देताना म्हणाल्या, "काकाजी, घड्याळ चांगलं आहे. पण तिकडे त्याले कोणी ओळखत नाही."

ती गूळवाली मात्र यादीत बसली नाही. बाईंनी तिचं नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. वही बाकावर राहिली तेव्हा मी पाहिलं.

*

असं करत करत दिवाळीनंतरपर्यंत बाईंची एकोणीस नावं झाली. सहा कमी. अर्धी रजा सरली होती. कुणीतरी म्हणालं, झरीकडच्या जंगलात कोलामांची पोडं आहेत, तिकडे कोणी गेलंच नाही. पोड म्हणजे कोलामांची वाडी. दहा-पंधरा घरं आणि मधोमध चावडी.

मला त्या बाजूच्या शाळांना पाट्या पोहोचवायच्या होत्या. लढाईनंतर लिलावात घेतलेली एक जीप होती माझ्याकडे. बाईंना मी सोडलं.

पहिल्या दिवशी पोडात एक पोर दिसेना. बाईंची पेटी पाहून सगळी जंगलात पळाली. याआधी पेटी घेऊन आलेला माणूस देवीची लस टोचून गेला होता! बाईंनी पेटी चावडीत उघडून ठेवली आणि स्वतः बायांबरोबर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसल्या. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा पोरं ठोकळ्यांभोवती बसलेली सापडली.

त्यांत भीमी नावाची एक होती. दहा वर्षांची असेल. केस लाल, डोळे स्थिर. बाईंनी तिला एकटीला चावडीत बसवलं, बाकीच्या पाचांना मोहाखाली. पहिला प्रश्न विचारला. भीमी उठली, मोहाखाली गेली, पाचांच्या डोक्यात डोकं घालून कोलामीत कुजबुजली, परत आली आणि उत्तर दिलं. बरोबर.

बाई म्हणाल्या, असं विचारून यायचं नाही. भीमीनं मान हलवली. दुसरा प्रश्न. भीमी उठली, मोहाखाली गेली.

दुसऱ्या पोराला बसवलं. तोही उठला. तिसरी, तीही. सहाच्या सहा तशीच. आणि गंमत अशी, की सहा मिळून जे उत्तर येई ते प्रत्येक वेळी बरोबर. मोठ्या पोरांसाठी ठेवलेले शेवटचे प्रश्नसुद्धा. कसोटी संपली, पोरं संपेनात.

अडली ती एकाच प्रश्नावर, 'वाट चुकलास तर काय करशील?' पोरं मोहाखाली बराच वेळ बसली. भीमी परत आली ती कोड्यात पडलेली.

"बाई, एकट्यानं कोन जाते?"

बाईंनी पोडाच्या नायकाला विचारलं, ही पोरं एकट्यानं का उत्तर देत नाहीत? म्हातारा विडी विझवून म्हणाला, "आमच्यात चावडीत बसल्याबिगर कोनतीच गोठ ठरत नाई. लगन नाई, पेरा नाई, भांडन बी नाई. पोट्टे पाह्यतेत तं तेच शिकतेत. एकट्याचं डोकं पुरलं असतं, तं पोड कायले बांधलं असतं बाई?"

चौथ्या दिवशी मी घ्यायला गेलो. परतीच्या वाटेवर बाई वहीतली सहा नावं पुन्हा पुन्हा पाहत होत्या. जीपचा आवाजच एवढा, की मी काही विचारलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

*

आता पेच पाहा. एकोणीस अधिक सहा, बरोबर पंचवीस. पण सहा जणांना मिळून आकडा एकच. कसोटीच्या नियमानं दुसऱ्याला विचारणं म्हणजे नक्कल.

राऊत गुरुजींचं काळीज मोठं. त्यांनी बाकावरच तोडगा काढला. "सहा जणांले सहा आकडे टाका. कोणाले एकशे एकवीस, कोणाले एकशे पंचवीस. त्या जंगलात मोजाले कोण जाते?"

बाई म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं पान काकाजींनी ओळखलं. माझे आकडे कोण ओळखेल?"

"कोणीच नाही!"

"म्हणूनच नाही टाकत."

गुरुजींनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं सगळ्यांचा चहा मागवला.

बाईंनी तक्ता लिहिला. एकोणीस नावांपुढं एकोणीस आकडे. आणि खाली सहा नावं, त्यांना जोडणारी एक मोठी महिरप, गणितातल्या महिरपी कंसासारखी, आणि महिरपीच्या टोकाला एकच आकडा. पाठक सरांनी पाहिलं. हे खोडा, म्हणाले. बाहेरचे परीक्षक अडवतील. वर्ष जाईल, माझंही नाव खराब होईल. बाई कच्चा कागद घेऊन दुकानात आल्या. महिरप पेन्सिलीचीच होती. मी नवा खोडरबर समोर ठेवला.

बाईंनी तो उचलून परत बरणीत टाकला. "याचं काम नाही काकाजी. शाई द्या."

टायपिंगच्या मशीनवर एवढी मोठी महिरप नव्हती. चारही प्रतींत ती मी काढली. माझ्या हातानं, बोरूनं, काळ्या शाईत. एम.एड.च्या प्रबंधात चौथी पास माणसाचं एवढं लिखाण आहे.

*

जिल्द झाली. काळं कापड, सोनेरी अक्षरं. त्या दिवशी दुकानाच्या पायरीशी एक म्हातारे उभे. अंगावर रुईचे तंतू. विमलबाईंचे वडील, प्रेसमधून सरळ आलेले. वर या म्हटलं तर म्हणाले, "कापूस पडते न सायेब दुकानात." हात धरून वर घेतलं तेव्हा बाकाच्या कडेवर टेकले.

मी प्रबंध हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. सोनेरी अक्षरांवर बोट फिरवलं नाही, पानं उघडली नाहीत. गुडघ्यांवर आडवा ठेवला, दोन्ही तळवे टेकवून अंगाचा सगळा भार टाकून दाबला. मग कडा पाहिल्या, कोपरे पाहिले. तीस वर्षं गाठी दाबल्या त्यांनी. मी, बाइंडर, परीक्षेला बसल्यासारखा उभा.

"पक्की हाये गठान," म्हणाले. "फेकली तरी सुटत नाई."

माझ्या कामाला याहून मोठं सर्टिफिकेट मिळालेलं नाही.

*

आता शेवटचं.

परीक्षक नागपूरहून आले. नावाजलेला माणूस, कसोट्यांत हयात गेलेली. चष्मा, छत्री, कडक इस्त्री. व्हायव्हा कॉलेजात झाली. मी बाहेर व्हरांड्यात होतो, दार उघडं होतं. साहेबांनी प्रबंधाची तारीफ केली आणि तक्त्याचं पान उघडलं. महिरपीशेजारी त्यांनी लाल पेन्सिलीनं एवढं मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"या सहांचे वेगळे गुण कुठे आहेत?"

बाई म्हणाल्या, "साहेब, त्यांना वेगळं करता आलं नाही."

"करता आलं नाही, की केलं नाही? म्हणजे माझ्या दृष्टीनं ही एकोणीसच मुलं. प्रबंध अपुरा आहे."

पाठक सर खाली पाहत होते. बाईंनी पदर खोचला. "मग तुम्ही करून पाहा, साहेब. झरीकडं आहेत ती. कुठं गेली नाहीत."

पाठक सरांनी डोळेच मिटले. पण साहेब खरे अभ्यासक निघाले. म्हणाले, उद्या सकाळी जाऊ. गाडी कोणाची, असा प्रश्न आला तेव्हा सगळे व्हरांड्याकडे पाहू लागले.

जीपमध्ये साहेब, पाठक सर, बाई आणि मी. पोडात पोहोचलो. चावडीत बाज टाकली, साहेब आणि पाठक सर तिच्यावर शेजारी शेजारी बसले. भीमी समोर. बाकी पाच मोहाखाली. साहेबांनी स्वतःची पेटी उघडली, पहिला प्रश्न विचारला. भीमी उठली.

साहेबांनी बोट वर केलं. "नाही. कानात नाही. एकट्यानं सांग."

भीमी बसली. बाईंकडे पाहिलं. बाईंना बोलायची बंदी होती. भीमी गप्प राहिली. दुसरा प्रश्न, गप्प. तिसरा, गप्प. साहेबांनी शून्य लिहिलं. दुसरं पोर आलं, त्याच्यापुढंही बोट, त्याचंही तोंड बंद. असं सहा वेळा. सहा शून्यं. मी बाईंकडे पाहिलं नाही. जीपला टेकून सोनेरी अक्षरांचाच विचार करत होतो.

साहेब पेटी मिटू लागले. कठोर माणूस नव्हता, वाईट वाटलं होतं त्यांनाही. तेवढ्यात भीमी उठून उभी राहिली.

"आता आमी इचारू?"

साहेब हसले. "विचार की."

भीमी मोहाखाली गेली. सहा डोकी एकत्र आली. परत येऊन ती साहेबांच्या समोर उभी राहिली.

"तू जंगलात वाट चुकला, तं काय करशीन?"

साहेबांनी जंगलाकडे पाहिलं. चारी बाजूंनी साग. आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हातारा नायक विडी हातात धरून वाट पाहत होता. पोडातल्या बाया वाट पाहत होत्या. साहेब थोडे वाकले आणि पाठक सरांच्या कानाशी तोंड नेलं.

भीमीनं बोट वर केलं. अगदी त्यांच्यासारखंच.

"नाई. कानात नाई. एकट्यानं सांग."

साहेब तसेच अर्धे वाकलेले राहिले. मग सरळ बसले, पिशवीतून प्रबंध काढला, गुडघ्यावर ठेवून तक्त्याचं पान उघडलं. लाल प्रश्नचिन्हावर बोट टेकवलं. मग मान न वळवता मला म्हणाले,

"शेटजी, खोडरबर आहे का तुमच्याकडे?"